बंद कारखान्याची चालती गाडी

म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला आणि जावा-येझदी या मोटारसायकलींना माहेर उरले नाही. अधिकृत विक्रेते गेले, कंपनीचे सुटे भाग येणे थांबले आणि या इंजिनावर हात बसलेला नवा फिटर तयार होण्याची सोयही संपली. तरी या गाड्या आज पुण्यात, मुंबईत, बंगळुरात आणि लहानसहान तालुक्यांच्या गावीही धावताना दिसतात. त्यांतल्या कितीतरी मधली दहा-वीस वर्षे गोठ्यात, जिन्याखाली किंवा वाड्याच्या ओसरीवर पोत्याखाली पडून होत्या. पडलेली गाडी पुन्हा उभी करणे हा वरवर एकट्या माणसाचा छंद वाटतो. प्रत्यक्षात एकेका गाडीमागे टर्नर, वेल्डर, क्रोमवाला, पेंटर, भंगार बाजारातला दुकानदार आणि तीच गाडी आधी खोलून बसवलेले चार-सहा हौशी लोक असतात. कारखाना, विक्रेता आणि सर्व्हिस स्टेशन ही तिन्ही कामे आता ही माणसे मिळून करतात.

झेक गाडी, म्हैसूरचा कारखाना

जावाचा जन्म १९२९ मध्ये प्रागमधला. फ्रांतिशेक यानेचेक या झेक उद्योजकाने वाँडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकल बनवण्याचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव केले. दुसऱ्या महायुद्धानंतर कंपनी सरकारी मालकीची झाली. १९५४ पासून बनू लागलेले २५० सीसीचे ३५३ हे मॉडेल जगभर गेले. मागच्या चाकाला स्विंग आर्म, पुढे टेलिस्कोपिक फोर्क, सोळा इंची चाके आणि गोलसर, भरीव अंगाची टाकी ही त्याची ओळख. भारतातली पहिली जावा याच घराण्यातली.

१९५० च्या दशकात भारत सरकारने मोटारसायकलींच्या आयातीवर निर्बंध आणल्यावर परदेशी गाड्या आणून विकण्याचा धंदा संपला. देशातच गाड्या बनवण्याचा मार्ग रुस्तम आणि फारुख इराणी यांनी धरला आणि झेक कंपनीच्या परवान्यावर म्हैसूरमध्ये आयडियल जावा उभी राहिली. म्हैसूरचे महाराज आणि तेव्हाचे राज्यपाल जयचामराजेंद्र वाडियार यांच्या हस्ते १९६१ मध्ये कारखान्याचे उद्घाटन झाले. सुरुवातीला बरेच भाग झेकोस्लोव्हाकियातून येत. हळूहळू ते इथेच बनू लागले. १९७० च्या दशकात परवान्याची मुदत संपल्यावर टाकीवर ‘येझदी’ हे नाव आले. १९७८ मध्ये रोडकिंग निघाली आणि ती कारखाना बंद होईपर्यंत चालली. १९८० च्या दशकात दोन सिलिंडरची येझदी ३५० बाजारात आली. ती महाग होती, फार खपली नाही, आणि म्हणूनच आज ती सर्वांत दुर्मीळ मानली जाते.

पुढे महिंद्र समूहाच्या क्लासिक लिजंड्स कंपनीने जावा हे नाव भारतात परत आणले. रुस्तम इराणी यांचे चिरंजीव आणि मुंबईचे बांधकाम व्यावसायिक बोमन इराणी हे त्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. नवी जावा १५ नोव्हेंबर २०१८ रोजी मुंबईत दाखल झाली; येझदी जानेवारी २०२२ मध्ये आली. या गाड्या फोर-स्ट्रोक आहेत. त्यांचा एकही महत्त्वाचा भाग जुन्या गाडीला लागत नाही, त्यामुळे जुन्या गाडीच्या मालकाची सुट्या भागांची अडचण जिथल्या तिथेच राहिली.

यंत्राची घडण

जुन्या जावाचे इंजिन एका सिलिंडरचे, टू-स्ट्रोक, २४९ सीसीचे. सिलिंडरचा व्यास ६५ मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास ७५ मिलिमीटर. सिलिंडर एक असूनही त्याला दोन एक्झॉस्ट आणि दोन सायलेन्सर आहेत. टू-स्ट्रोक असल्याने व्हॉल्व्ह नाहीत, टॅपेट नाहीत, वंगणाचा पंपही नाही. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचे. हलणारे भाग इतके कमी असल्यामुळे हे इंजिन पंधरा-वीस वर्षे बंद राहूनही पुन्हा सुरू होऊ शकते.

काही गोष्टी मात्र जावाची खास ओळख आहेत. डाव्या बाजूचा एकच दांडा गिअरचेही काम करतो आणि किकचेही: तो इंजिनाकडे आत दाबून वर फिरवला की किक होते, किक मारून झाली की परत गिअरच्या जागी येतो. हाच दांडा गिअर टाकताना आतून क्लचही थोडा सोडवतो, त्यामुळे सरावलेला चालक हाताचा क्लच न दाबताही गिअर बदलतो. मागची चेन पत्र्याच्या पेटीत पूर्ण बंद असते. धूळ-चिखल लागत नसल्याने ती वर्षानुवर्षे टिकते. ही रचना माहीत नसलेल्या गॅरेजात गाडी गेली की नुकसान होते. क्लचची कळ नीट न जुळवता कव्हर बसवले की गिअर अडकतो, आणि मग गिअरबॉक्स विनाकारण खोलला जातो.

घेण्यापूर्वी कागद

गाडी कितीही चांगल्या स्थितीत असो, जीर्णोद्धाराची पहिली पायरी इंजिन नसून कागद असतात. चेसिस क्रमांक मानेजवळच्या चौकटीवर आणि इंजिन क्रमांक क्रँककेसवर कोरलेला असतो. त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली की क्रमांकाची छाप उठते; ती नोंदणी पुस्तकातल्या क्रमांकाशी ताडून पाहायची. अंक घासलेले, वेगळ्या ठशाने कोरलेले किंवा वेल्डिंगखाली गेलेले दिसले तर तो व्यवहार सोडून देणेच शहाणपणाचे. गेल्या चाळीस वर्षांत इंजिन बदललेल्या गाड्या पुष्कळ आहेत. तो बदल नोंदणीत चढवला गेला नसेल तर पुढे हस्तांतर अडते.

मालक हयात असेल तर हस्तांतरासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. मालकाचे निधन झाले असेल तर वारसाने नमुना ३१ भरायचा. पुस्तक हरवले असेल तर पोलिसांत तक्रार देऊन नमुना २६ वर दुय्यम प्रत मागता येते. संगणकपूर्व काळातल्या गाडीची नोंद परिवहन विभागाच्या ‘वाहन’ प्रणालीत चढलेलीच नसते. तेव्हा मूळ कार्यालयातल्या जाडजूड नोंदवहीतून ती शोधून ‘बॅकलॉग’ नोंद करून घ्यावी लागते. १९८९ पूर्वीच्या तीन अक्षरी क्रमांकांच्या गाड्यांना हा अनुभव हटकून येतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर. या सगळ्यांत काही महिने जाऊ शकतात, म्हणून जाणकार मालक गाडीचा एक नटही सैल करण्याआधी कागद हाती घेतात.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली आणि मूळ स्वरूपात असलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यांत बसते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि इंधन भरणे एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणायची. त्यामुळे गाडी चालवायची हौस असलेले बरेच मालक नेहमीची नोंदणीच चालू ठेवतात.

खोलण्याची शिस्त

बंद गाडी घरी आली की पहिली इच्छा किक मारण्याची होते. तीच सर्वांत घातक. सिलिंडरमध्ये गंज असेल तर एका जोरदार किकने रिंग तुटते आणि तिचा तुकडा पोर्टच्या कडेवर अडकून सिलिंडर ओरबाडला जातो. प्लग काढून आत डिझेल किंवा पातळ ऑइल सोडावे, दोन-चार दिवस थांबावे, मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने हळूच पुढे-मागे हलवावे. पिस्टन सुटला तर ठीक; नाही सुटला तर हेड काढून पुन्हा ऑइल. ओतीव लोखंडाच्या सिलिंडरवर हातोडा चालवणाऱ्याकडे गाडी सोपवू नये.

खोलण्याआधी गाडीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढतात. वायर कुठून कुठे गेली आहे, केबल कोणत्या बाजूने वळली आहे, कोणत्या बोल्टखाली वॉशर आहे, हे तेव्हा क्षुल्लक वाटते. आठ महिन्यांनी गाडी जुळवताना याच फोटोंवर भिस्त असते. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या डब्यात, डब्यावर चिठ्ठी. मूळ बोल्टांच्या डोक्यावर कंपनीचे ठसे असतात, त्यामुळे गंजलेला बोल्टही फेकत नाहीत. घासून, प्लेटिंग करून तोच परत बसवतात. जुन्या ब्रेक शूच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ड्रम उघडल्यावर धूळ फुंकून न उडवता ओल्या फडक्याने पुसायची, ही खबरदारी गॅरेजात सहसा कोणी घेत नाही आणि घ्यायला हवी.

कोकणातली गाडी आणि सोलापूरकडची गाडी खोलल्यावर वेगवेगळी निघते. खाऱ्या दमट हवेत मडगार्डच्या कडा, बॅटरीची पेटी आणि आऱ्यांची टोके आधी खाल्ली जातात. कोरड्या हवेत पत्रा टणक राहतो, पण रबर कडक होऊन तडकते: ऑइल सील, हँडलची मूठ, टाकीवरचे गुडघ्याचे पॅड, पेट्रोलची नळी. त्यामुळे खर्चाचा अंदाज बांधताना गाडी कोणत्या गावची, हे अनुभवी माणूस आधी विचारतो.

इंजिन

टू-स्ट्रोक इंजिनाचा क्रँककेस हवाबंद असावा लागतो, कारण पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी तिथेच खेचले जाते. हवाबंदपणा क्रँकच्या दोन टोकांच्या ऑइल सीलवर अवलंबून असतो. डाव्या बाजूला, प्रायमरी चेनकडचे सील गेले की गिअरबॉक्सचे ऑइल क्रँककेसमध्ये ओढले जाते. गाडी पांढरा धूर सोडते आणि गिअरबॉक्सची पातळी कारण न समजता उतरत जाते. उजव्या, डायनॅमोकडचे सील गेले की बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि मोकळ्या गतीला भरकटते. कार्बोरेटर कितीही वेळा साफ केला तरी ‘गाडी लागत नाही’ अशी तक्रार राहते तेव्हा बहुधा दोष या सीलचा असतो. पडून राहिलेल्या गाडीची दोन्ही सील न पाहताच बदलायची.

सिलिंडर झिजला असेल तर रिबोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन टाकतात. मापे पाव मिलिमीटरने वाढत जातात. त्यात दोन गोष्टी हमखास चुकतात. रिबोअरनंतर पोर्टच्या कडा धारदार होतात, त्या हलक्या हाताने मोडाव्या लागतात. नाहीतर रिंग त्यांवर घासून तुटते. शिवाय पिस्टनच्या खाचेत रिंगेची टोके धरून ठेवणाऱ्या पिना असतात. त्यांची जागा न जुळवता सिलिंडर वरून दाबला की नवी रिंग जागेवर मोडते. पिस्टनच्या माथ्यावरचा बाण एक्झॉस्टकडे हवा.

खरी कसोटी क्रँकची. बिग एंडचे बेअरिंग बदलायला क्रँकची दोन चाके प्रेसवर उघडून पिन, बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉड नवे टाकून पुन्हा दाबून बसवावे लागतात. नंतर क्रँक लेथच्या दोन सेंटरांमध्ये धरतात आणि दोन्ही टोकांच्या शाफ्टवर डायल गेज लावतात. हाताने फेरा दिला की गेजचा काटा डुलतो. काटा जिथे सर्वांत वर जातो तिथे चाकावर खडूने खूण करायची, क्रँक उतरवून तांब्याच्या हातोडीने त्या जागी ठोका द्यायचा, पुन्हा चढवून पाहायचे. कधी चाके एकमेकांवर सरकलेली असतात, कधी पिनेपाशी फाकलेली. कोणता ठोका कुठे द्यायचा हे काट्याच्या डुलण्यावरून ओळखावे लागते. फरक मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांवर आला की टर्नर मान हलवतो. हे काम घाईने केले की गाडी सुरू होते, पण साठच्या वेगाला हँडल आणि पायाच्या पेगवर झिणझिण्या येतात आणि मेन बेअरिंग लवकर जातात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्यातल्या जुन्या पेठांमध्ये असे काम जाणणारे लेथवाले अजून आहेत. त्यांच्या दुकानाला बहुधा मोठी पाटी नसते आणि पत्ता एका जावावाल्याकडून दुसऱ्याला कळतो.

वीज आणि इंधन

मूळ जावाची वीज सहा व्होल्टची, डायनॅमो क्रँकच्या उजव्या टोकावर. दिवा मंद, हॉर्न बारीक आणि बॅटरी उतरली की गाडी अडते. त्यामुळे पूर्वी अनेकांनी मूळ संच काढून बारा व्होल्टचा केला. आता मूळ डायनॅमो मिळवून तो परत बसवण्याकडे कल आहे. आर्मेचर पुन्हा गुंडाळता येते, कार्बन ब्रश घासून मापात आणता येतात, कटआउटच्या जागी त्याच पेटीत दडवलेला इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर टाकता येतो. वायरिंग मात्र संपूर्ण नवे करणे उत्तम. जुन्या वायरीवरचे आवरण कडक होऊन गळलेले असते आणि हेडलाइटच्या खोबणीत शॉर्ट होऊन आग लागण्याची भीती असते.

पॉइंटमधली फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. टायमिंगसाठी प्लगच्या भोकातून माप उतरवून पिस्टनचा सर्वांत वरचा बिंदू शोधतात, तिथून पुस्तिकेत दिलेल्या मिलिमीटरइतका पिस्टन उलटा खाली आणतात आणि त्या क्षणी पॉइंट उघडतोय ना ते पाहतात. साधन नसेल तर जुने फिटर पॉइंटांत बिडीच्या बंडलाचा पातळ कागद धरतात. कागद सैल होऊन निसटला की पॉइंट उघडला. पद्धत ओबडधोबड वाटते, पण सवयीच्या हातात बरोबर येते.

इंधनाचा प्रश्न नवा आहे. पंपांवर आता वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतले पाणी शोषते आणि गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी साचून गंज वाढतो. जुन्या रबरी नळ्या आणि टाकीचे जुने लेपही त्याने फुगतात, सुटतात. शिवाय अशा पेट्रोलवर मिश्रण पातळ पडते आणि ऑइलवर जगणाऱ्या इंजिनाला पातळ मिश्रण मानवत नाही. उपाय तीन: इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या टाकणे, मेन जेट एक आकडा मोठा करून प्लगचा रंग तपासणे आणि गाडी दीर्घकाळ ठेवताना टाकी व कार्बोरेटर रिकामा करणे.

पत्रा, क्रोम, रंग

जावाची शोभा टाकीत आहे: मरून रंग, दोन्ही बाजूंना क्रोमचे पट्टे आणि हाताने ओढलेली सोनेरी रेघ. टाकी आतून गंजलेली असेल तर तिच्यात चेनचे तुकडे टाकून ती हलवतात, मग फॉस्फोरिक आम्लाने धुतात, सोड्याच्या पाण्याने आम्ल मारतात आणि लगेच वाळवून ऑइल फिरवतात. गळकी टाकी वेल्डिंगला द्यायची तर आत पेट्रोलची वाफ शिल्लक राहता कामा नये. रिकामी दिसणारी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते आणि अशा टाक्या फुटून माणसे भाजल्याची उदाहरणे आहेत.

चांगले क्रोम म्हणजे जुना थर रसायनाने उतरवणे, पत्रा बफिंगवर गुळगुळीत करणे, गंजाचे खड्डे तांब्याच्या थराने भरून पुन्हा घासणे, त्यावर निकेल आणि शेवटी क्रोमियमचा अतिशय पातळ थर. चकाकी निकेलच्या घासणीवर अवलंबून असते; क्रोम ती राखतो. तांबे-निकेलचा खर्च वाचवून थेट क्रोम मारून देणाऱ्याचे काम एका पावसाळ्यात फुलते. या धंद्यात वापरले जाणारे क्रोमियमचे द्रावण विषारी असते, म्हणून शहरांतले अनेक लहान प्लेटिंगवाले प्रदूषणाच्या नियमांमुळे बंद झाले किंवा औद्योगिक वसाहतींत गेले. चांगला क्रोमवाला मिळणे हे आता चांगला इंजिन फिटर मिळण्याइतकेच कठीण झाले आहे.

रंगात मोह आवरावा लागतो. पोचे मूळ पत्रा ठोकून सरळ करायचे. त्यांवर जाड पुट्टी थापली की दोन वर्षांत ती तडकते. सध्याचे दोन घटकांचे पीयू रंग टिकाऊ असतात, पण त्यांची काचेसारखी चमक १९६५ च्या गाडीवर परकी दिसते, म्हणून जाणकार पेंटरकडून चमक थोडी कमी ठेवून घेतात. रेघ ओढणारे कारागीर पूर्वी साइनबोर्ड, ट्रक आणि सायकली रंगवत. डिजिटल फलक आल्यावर त्यांचे काम गेले आणि त्यांच्यातले काही आज जावाच्या टाक्यांवर लांब केसांच्या कुंचल्याने एका दमात रेघ ओढतात.

भागांचा शोध आणि माणसांचे जाळे

सुटे भाग तीन वाटांनी येतात. पहिली वाट भंगार बाजाराची: पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईत चोर बाजार आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, चेन्नईत पुदुपेट, कोलकात्यात मलिक बाजार. दुसरी वाट नव्याने बनणाऱ्या भागांची. यांचा दर्जा फार वरखाली असतो: एका कारखान्याच्या गॅस्केटने काम होते, दुसऱ्याचा पिस्टन पहिल्याच उन्हाळ्यात धरतो. तिसरी वाट झेक प्रजासत्ताकाची. सुरुवातीची भारतीय जावा झेक ३५३ शी इतकी जुळती की तिथे आजही बनणारे बरेच भाग तिला बसतात.

कोणता भाग कुठून घ्यायचा, हे दुकानदार सांगत नाही. ते दुसरा जावावाला सांगतो. या गाड्यांभोवतीच्या मंडळांचे मुख्य मोल यातच आहे. जुलैचा दुसरा रविवार ‘आंतरराष्ट्रीय जावा-येझदी दिवस’ म्हणून पाळला जातो. त्या सकाळी बंगळूर, म्हैसूर, पुणे, मुंबईसह अनेक शहरांत गाड्या एकत्र येतात. पाहुण्यांना तो मेळावा फोटोचा वाटतो. मालकांसाठी मात्र तो वर्षाचा बाजार असतो: कोणाकडे दोन स्पीडोमीटर आहेत आणि त्याला एक डाव्या बाजूचे कव्हर हवे आहे, कोणाला आर्मेचर काढायचा पुलर उसना हवा आहे, कोणी सुट्या भागांच्या जुन्या कॅटलॉगची झेरॉक्स वाटतो आहे. पैशांपेक्षा अदलाबदल जास्त होते.

पुलरसारखी खास हत्यारे मंडळात एक-दोनच असतात आणि गावोगाव फिरतात. रबरी भागांचे असेच. साचा करायचा तर कारखानदार शे-दीडशे नगांच्या खाली हात लावत नाही. एका माणसाला दोनच नग हवे असतात. मग पंधरा-वीस जण वर्गणी काढतात, नमुना म्हणून कोणीतरी जपलेला मूळ भाग देतो आणि सगळ्यांची गरज भागते. म्हैसूरमध्ये कारखान्यात काम केलेले काही कामगार पुढे स्वतःच्या गॅरेजात याच गाड्यांवर काम करत राहिले. पुस्तिकेत नसलेल्या बारीकसारीक खुबी त्यांच्याकडून मंडळांत पोचल्या. ही पिढी आता थकली आहे. त्यामुळे काही मंडळे इंजिन खोलण्या-बसवण्याची प्रात्यक्षिके ठेवतात आणि नव्या मुलांना स्वतःच्या हाताने करायला लावतात.

या जाळ्याचा एक तोटाही आहे. मागणी वाढली तसे दलाल आले. चालत्या, कागद असलेल्या गाड्या सुट्या भागांसाठी मोडल्या जाऊ लागल्या, कारण टाकी, दिवा आणि सायलेन्सर वेगवेगळे विकून पूर्ण गाडीपेक्षा जास्त पैसे मिळतात. जबाबदार मंडळे अशा विक्रेत्याकडून भाग घेत नाहीत आणि चेसिस क्रमांकासह येणारा व्यवहार तपासून पाहतात.

किती नवे करायचे

जीर्णोद्धारात दोन मते आहेत. एक मत म्हणते, गाडी कारखान्यातून आली त्या दिवशीसारखी दिसावी. दुसऱ्या मताप्रमाणे मूळ रंग साठ टक्के जरी शाबूत असेल तरी तो पुसू नये. यंत्र सुधारावे, अंग तसेच ठेवावे. दुसऱ्या मताकडे वजन वाढते आहे आणि त्याचे कारण व्यावहारिक आहे. मूळ रेघ, मूळ ठसा, मूळ प्लेटिंग हे पुढच्या जीर्णोद्धार करणाऱ्याचे पुरावे असतात. सगळ्या गाड्या नव्याने रंगल्या तर १९६८ चा खरा मरून कोणता होता, हे ठरवायला नमुनाच उरणार नाही. पत्रा कुजला असेल, रंग आधीच दोनदा बदलला असेल, तेव्हा मात्र पूर्ण नवे करण्याला पर्याय नसतो. सर्वांत वाईट तो मधला मार्ग: अर्धी मूळ, अर्धी फॅन्सी, अलॉय चाके आणि डिस्क ब्रेक लावलेली गाडी. ती जावा म्हणून ओळखता येत नाही आणि विंटेज नियमांतही बसत नाही.

खर्चाचा हिशेब बहुधा चुकतो, कारण इंजिनाचा अंदाज बांधता येतो, पण क्रोम, रबर आणि बारीक सामानाचा येत नाही. गाडी विकून तो भरून निघेल ही अपेक्षा ठेवणाऱ्याने या वाटेला न जाणे बरे.

पहिली किक आणि पुढे

जुळवलेल्या इंजिनाला पहिले काही शे किलोमीटर सांभाळून चालवतात. जुन्या पुस्तिकांप्रमाणे नव्या पिस्टनसाठी एका लिटरला ५० मिलिलिटर आणि नंतर ४० मिलिलिटर टूटी ऑइल. ऑइल वाढवले की गाडी जास्त सुरक्षित, हा समज खरा नाही. फार ऑइलने मिश्रण पातळ पडते, प्लग आणि सायलेन्सर कोंदतात. सलग एकाच वेगाने न चालवता वेग कमी-जास्त ठेवायचा, तापल्यासारखी वाटली की थांबायचे. घाटात उतरताना विशेष लक्ष हवे. थ्रॉटल बंद केले की पेट्रोल थांबते आणि त्याबरोबर ऑइलही, पण चाके इंजिन फिरवत राहतात. खंबाटकी किंवा वरंधा घाट गिअरमध्ये, थ्रॉटल बंद ठेवून सलग उतरणे म्हणजे पिस्टन कोरडा चालवणे. मध्ये मध्ये क्लच दाबून थोडे थ्रॉटल द्यावे आणि ब्रेक वापरावा.

त्यानंतर गाडीला हवा तो नियमित वापर. आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर चालणारी जावा वर्षानुवर्षे तक्रार करत नाही. प्रदर्शनासाठी झाकून ठेवलेलीची सील पुन्हा वाळतात. घरात किंवा ओळखीत अशी एखादी गाडी पडून असेल तर तिची किक मारू नये, नोंदणीचे पुस्तक शोधून जपून ठेवावे, सुटलेला कोणताही भाग फेकू नये आणि भंगारवाल्याला बोलावण्याआधी जवळच्या जावा-येझदी मंडळातल्या कोणाला तरी ती दाखवावी. जी गाडी मालकाच्या मते संपलेली असते, तिचे इंजिन बहुतेक वेळा फक्त सील, पिस्टन आणि वायरिंग मागत असते.